टीव्हीवरची पांढरी साडी

"याला आवाज नाही का?" डॉक्टर हेर्लेकरांनी विचारलं.

"नाही सर. नुसतं चित्र येतं," मी टीव्हीच्या मागून म्हणाले.

"असू दे. चित्र पुरेसं आहे."

पेशंटांच्या हॉलमधल्या टीव्हीला रेकॉर्डरची वायर जोडायला मी स्टुलावर चढले होते. दुपारची ओपीडी बंद असायची वेळ. डॉक्टरांनी दवाखान्यातली झाडून सगळी माणसं गोळा केली होती. तरुण नर्सा, कंपाउंडर खाडे, वॉचमन आणि आया मालनमावशी, सगळी पेशंटांच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली होती. रूथ सिस्टरना तेवढं उभं ठेवलं होतं. अंगावर पांढरी साडी, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ, आणि समोर टीव्ही.

मला डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "चोर सापडलाय. सगळ्यांना नीट दिसेल असं जोडून दे." चोर कोण ते सांगितलं नव्हतं. सिस्टरना तसं उभं केलेलं बघितलं आणि माझा हात वायरीवरच थांबला. माझ्या थोरल्या बहिणीची दोन्ही बाळंतपणं या बाईच्या हातची होती. दुसऱ्या खेपेला बहीण हातची जायची वेळ आली होती, तेव्हा डॉक्टर सांगलीहून येईपर्यंत हिनंच तिला धरून ठेवलं होतं.

ही गोष्ट मिरजेतली, लोडशेडिंगच्या दिवसांतली. माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, मग टीव्हीचे दिवस गेले, आणि मी कॅमेरे बसवायला लागले. मगदुमांची सुनंदा शिडीवर चढून भिंतीला भोकं पाडते, हे बघायला सुरुवातीला रस्त्यावर माणसं थांबायची. नंतर सवय झाली त्यांना.

संक्रांतीच्या आधी डॉक्टर स्वतः दुकानात आले होते. त्यांच्या औषधांच्या खोलीतून दुखणं थांबवायची इंजेक्शनं नाहीशी होत होती. त्यांना अंधारात बघणारा कॅमेरा हवा होता, आणि तो आहे हे कुणाला कळता कामा नये, ही अट होती. रात्रीच्या साध्या कॅमेऱ्याचे बारीक दिवे काळोखात लालसर दिसतात, आत शिरणारा लगेच सावध होतो. म्हणून मी दुसऱ्या जातीचा मागवला. त्याचा उजेड माणसाच्या डोळ्याला मुळीच दिसत नाही. आपण ठार अंधारात चाचपडत असतो, आणि त्याच्या दृष्टीनं खोलीत लख्ख दिवा पेटलेला असतो.

"छताजवळ लावू या," मी म्हटलं होतं. "चेहरा येईल."

"नको. वर कुणाचंही लक्ष जातं. खालच्या फळीवर सलाईनचा रिकामा खोका आहे, त्यात ठेव."

"मग डोकं चित्रात येणार नाही, सर."

"हात येतील ना? चोरी हातानं करतात."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. खोक्याला भोक पाडून मी कॅमेरा आत ठेवला, लाइट गेली तरी चालावा म्हणून त्याला आणि रेकॉर्डरला बॅटरी जोडली आणि आले.

आता डॉक्टर टीव्हीशेजारी उभे राहिले, शाळेतले मास्तर फळ्यापाशी राहतात तसे. "लाव," ते म्हणाले.

मी लावलं. राखाडी खोली, कपाटं, खोकी. दार उघडलं आणि एक बाई आत आली. खांद्यापासून खालीच दिसत होती. अंगावर पांढरी साडी, कोरी, ना काठ ना नक्षी. दिवा न लावता, एका हातानं भिंत धरत ती कपाटापर्यंत गेली. एक हात फळीवर टेकवून वाकली, दुसऱ्या हातानं कुलूप उघडून डबा काढला, पदराखाली घेतला आणि निघून गेली.

बाकावर कुणीतरी "अगं बाई!" म्हटलं.

"संक्रांतीची संध्याकाळ," डॉक्टर म्हणाले. "लाइट गेलेली. वर आमच्या घरी हळदीकुंकू होतं. आलेल्या सगळ्या बायका काळ्या साडीत. तुमच्यातल्याही सगळ्याजणी काळं नेसून वर आल्या होत्या, बरोबर? त्या वेळी या इमारतीत पांढऱ्या साडीतली बाई एकच होती."

सगळ्यांच्या नजरा सिस्टरवर गेल्या. सिस्टर टीव्हीकडेच बघत होत्या.

"तुमच्यात संक्रांत नसते म्हणून तुम्हाला ड्युटीवर ठेवलं," डॉक्टर त्यांना म्हणाले. "विश्वासानं ठेवलं. त्याचे हे पांग फेडलेत."

"मी लेबर रूममध्ये होते, साहेब."

"कोण आहे साक्षीला?"

"पेशंट होती."

"ती कळा देत होती. शेजारी कोण आलं, कोण गेलं, तिला काय कळणार? सिस्टर, पोलिसांत देत नाहीये, हे उपकार समजा. आजच्या आज काम सोडायचं. नर्सिंग कौन्सिलला मी कळवणार आहे. आणि दुसरीकडे कुठे नोकरी मागायला गेलात, तर मला फोन आल्याशिवाय राहणार नाही."

मिरजेत दवाखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. एका दवाखान्यातली शिंक दुसऱ्यात ऐकू येते. या हॉलमधून चोर म्हणून बाहेर पडलेल्या नर्सला संध्याकाळच्या चहापर्यंत सगळ्या गावाची दारं बंद झाली असती. सिस्टरचं वय पन्नाशीच्या पुढचं. नवरा कधीच गेलेला. या कामाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि त्या गप्प! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, बोला की. ओरडा, रडा, त्या माणसाला चार शब्द सुनवा. पण नाही. मान सरळ ठेवून ऐकत होत्या.

डॉक्टरांचं चालूच होतं. माणुसकी, मीठ, भाकरी, असलं काहीतरी. सगळी सिस्टरकडे बघत होती, त्यामुळे टीव्ही बंद करायचा राहून गेलाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. चित्र पुढे सरकत होतं. खोलीचं दार परत उघडलं. या वेळी आत एक पुरुष आला. पोट सुटलेलं, गळ्यात स्टेथोस्कोप. अंधारातच चाचपडत त्यानं एक खोका उचलला आणि गेला. हे डॉक्टरच होते, त्यात शंका नव्हती. मी सहज बघत होते. मग सहज बघायची थांबले.

"सर," मी म्हणाले.

"मध्ये बोलू नको, सुनंदा."

"संक्रांतीला तुम्ही पांढरी पँट घातली होतीत?"

"काय?"

"पांढरी पँट. टीव्हीवर तुम्ही आहात बघा. मी पुन्हा लावते."

मी चित्र मागे घेतलं आणि थांबवलं. पडद्यावर डॉक्टर हेर्लेकर पांढऱ्याशुभ्र विजारीत उभे होते. लग्नातल्या बँडवाल्याला शोभावी अशी. बाकावर एक नर्स फिस्सकन हसली आणि तिनं तोंडावर हात घेतला. कारण मिरजेत कुणीही डॉक्टरांना काळ्या पँटीशिवाय पाहिलेलं नव्हतं. त्या क्षणीसुद्धा ते काळ्याच पँटीत उभे होते.

"कॅमेरा बिघडलाय," ते म्हणाले.

"कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. तो रंग बघतच नाही, त्याचा उजेडच वेगळा आहे. आजकालचे बरेचसे काळे कपडे तो उजेड शोषत नाहीत, परत फेकतात. म्हणून काळं ते पांढरं दिसतं. खडी असो, छापील नक्षी असो, सगळी पुसली जाते." माझा आवाज चढायला लागला होता आणि मी तो चढू दिला. "सर, त्या संध्याकाळी काळी साडी नेसलेली कुठलीही बाई त्या खोलीत गेली असती, तर अशीच दिसली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात तुम्ही."

"तोंड सांभाळून बोल."

"खोटं वाटत असेल तर बघू या की. कुणाची काळी साडी आहे का इथं?"

मालनमावशी उठली. "माझी हाय. काल धुऊन गच्चीवर वाळत घातलीया. आणू का?"

"राहू दे," रूथ सिस्टर म्हणाल्या.

इतक्या वेळात त्या पहिल्यांदा आपणहून बोलल्या होत्या.

"राहू दे, मालन. सुनंदा, बंद कर ते. जाते मी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "सिस्टर, अहो, तुमच्यासाठी चाललंय हे!"

"कळतंय मला. तरी बंद कर."

आता मला त्यांचाही राग आला. आपण कुणासाठी भांडावं आणि त्यानंच आपला हात धरावा, यासारखा संताप दुसरा नाही. "मी बंद करणार नाही," मी म्हटलं. "मावशी, आणा साडी."

मावशी जिना चढून गेली आणि काळी साडी घेऊन आली. नेहमीच्या लुगड्यावरूनच तिनं ती गुंडाळली. पांढऱ्या चांदण्यांची खडी, काळाभोर रंग, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली. "आत भुताबितासारखी दिसले तर हसू नगासा," म्हणत ती औषधांच्या खोलीत शिरली आणि दिवा न लावताच तिनं दार लावून घेतलं. मी टीव्हीवर आत्ताचं चित्र लावलं.

पांढरी साडी. कोरी, ना काठ ना नक्षी.

मग खाडे कंपाउंडर हळूच म्हणाले, "म्हणजे सिस्टर नव्हत्या."

"म्हणजे काय?" डॉक्टर कडाडले. "म्हणजे आता हळदीकुंकवाला आलेल्या चांगल्या घरच्या सगळ्या बायकांवर संशय घ्यायचा?"

"सिस्टरवर घेताना जड गेलं नाही ते," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी एखादी गप्प बसली असती. मग त्यांनी आवाज खाली आणला. "ठीक आहे. गैरसमज झाला. विषय संपला. सगळ्यांनी कामाला लागा, पेशंट यायची वेळ झालीये. सिस्टर, सुनंदा, केबिनमध्ये या."

केबिनमध्ये त्यांनी दार लावलं आणि आधी माझ्याकडे वळले. "ते रेकॉर्डिंग पुसून टाक. सगळं."

"खरी चोर कोण ते बघायचं नाही तुम्हाला?"

"मी पुसायला सांगितलंय."

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की पाणी कुठेतरी मुरतंय. इतके दिवस चोरासाठी जीव टाकणारा माणूस, खोका काय, भोक काय, दिसू नये असला कॅमेरा काय. आणि आता चोर सापडायची वेळ आली तर पुसून टाक?

डॉक्टर सिस्टरना म्हणाले, "उद्यापासून नेहमीसारख्या या. झालं गेलं विसरून जा. चूक माणसाकडूनच होते." टेबलावर तिळगुळाचा डबा होता. तो त्यांनी उघडून सिस्टरसमोर सरकवला. "घ्या. गोड बोला."

आज इतकी वर्षं झाली, तरी तो डबा मी विसरलेले नाही.

सिस्टरनी डब्याला हात लावला नाही. तेवढ्यात केबिनमधून वर घरात जाणारा जो जिना होता, त्याचं दार उघडलं. वृंदावहिनी आत आल्या. डॉक्टरांच्या पत्नी. गोरा, सुकलेला चेहरा, केस विंचरलेले नव्हते. दारापासून खुर्चीपर्यंत चारच पावलं होती, पण ती टाकताना त्यांनी एक हात भिंतीला टेकवला, मग कपाटाला, मग टेबलाला. मागच्या वर्षी त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, हे मला माहीत होतं. त्या अशा चालतात हे मी पहिल्यांदा बघत होते. आणि पहिल्यांदा नव्हतेही. थोड्या वेळापूर्वीच ही चाल मी टीव्हीवर बघितली होती.

"वहिनी, वर जा तुम्ही," रूथ सिस्टर पटकन म्हणाल्या.

"नको, सिस्टर. वरून सगळं ऐकलंय मी."

"वृंदा, तू यात पडू नकोस," डॉक्टर म्हणाले.

वहिनी खुर्चीत बसल्या. त्या माझ्याशीच बोलल्या, बहुधा मी परकी म्हणून. "मी घेत होते इंजेक्शनं. पाठीसाठी पहिलं यांनीच दिलं. मग रोज देत होते. मग एक दिवस देणं बंद केलं आणि कपाटाला कुलूप घातलं. माझं काय होईल ते विचारलं नाही. किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं." त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "सिस्टरनी एकदा मला घेताना पकडलं. सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येते, म्हणाल्या. मीच म्हटलं, संक्रांत होऊ दे. कुणाला सांगणार नाही म्हणून त्यांच्याकडून शब्द घेतला."

म्हणजे बाई टीव्हीसमोर उभं राहून तो शब्द पाळत होती. आणि मी तिच्यावर चिडले होते.

"वृंदा, मला काही कल्पना नव्हती," डॉक्टर म्हणाले. "मला पांढरी साडी दिसली. कुणालाही तेच वाटलं असतं."

"कुणालाही वाटलं असतं," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला नाही. ते चित्र बघितलंत त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीत. उशाखालची किल्ली काढून खिशात ठेवायला लागलात. नर्स चोर होती, तर माझ्यापासून किल्ली कशाला लपवलीत?"

डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला.

मला सगळं लख्ख दिसलं. या माणसाची मुळीच फसगत झालेली नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोची चाल ओळखू येत नाही होय? पहिल्या झटक्यात ओळखलं असणार त्यानं. मग ती पांढरी साडी नजरेला पडली, आणि देवच पावला. वड्याचं तेल वांग्यावर काढायला आयती बाई मिळाली. एकटी, परधर्माची, तोंड न उघडणारी. कॅमेऱ्यानं काळ्याचं पांढरं केलं ते रंगांच्या स्वभावानं. यानं पांढऱ्याचं काळं केलं ते समजून उमजून, सगळ्यांना बाकावर बसवून.

"लाज नाही वाटत?" मी म्हणाले. डॉक्टरांशी मिरजेत असं कुणी बोलत नसे. "बायकोला उपचाराची गरज आहे आणि तुम्ही कॅमेरा लावता?"

"हा माझ्या घरातला प्रश्न आहे."

"मग घरातल्या प्रश्नासाठी सिस्टरना हॉलमध्ये कशाला उभं केलंत?"

"सुनंदा," सिस्टरनी माझ्या दंडावर हात ठेवला. मग त्या डॉक्टरांच्या टेबलासमोर गेल्या. आवाज मात्र रोजचाच, पेशंटला गोळी कधी घ्यायची ते सांगतात तसा.

"साहेब, सगळ्यांना बोलावलं होतंत. परत बोलवा."

"आणि काय सांगू?" डॉक्टर म्हणाले. "माझ्या बायकोचं नाव घेऊ? तेवढ्यासाठी तिची अब्रू चव्हाट्यावर मांडू? तुम्हाला चालेल?"

"कोण होतं ते नका सांगू," सिस्टर म्हणाल्या. "कोण नव्हतं तेवढं सांगा. माझं नाव घेऊन."

केबिनच्या काचेपलीकडे पेशंटांची चाहूल लागली होती. बाकांवर पोटुशा बायका येऊन बसत होत्या. डॉक्टर टेबलावरची काच निरखत बसले. सिस्टर थांबल्या. त्या माणसानं मान वर केली नाही.

"गैरसमज झाला म्हणालो की मी," शेवटी ते पुटपुटले.

वृंदावहिनी उठल्या. "वृंदा!" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वहिनींचं मनगट धरलं. वहिनींनी नुसतं त्या हाताकडे बघितलं. डॉक्टरांनी हात सोडला. टेबलाला, कपाटाला, भिंतीला धरत वहिनी दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी हॉलचं दार उघडलं.

"मालनमावशी," त्यांनी हाक मारली. "मघाची सगळी माणसं बोलवा."

हॉल गच्च भरला होता. पेशंट, त्यांच्या सासवा, कुणाचे नवरे. दवाखान्याची माणसं कडेनं येऊन उभी राहिली. मालनमावशीच्या अंगावर अजून ती काळी साडी गुंडाळलेली होती. वहिनींनी दाराची चौकट धरली.

"रूथ सिस्टरनी काही चोरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "टीव्हीवर दिसली ती मी होते. मला इंजेक्शनाची सवय लागली आहे. सिस्टरना ते माहीत होतं आणि माझ्यासाठी त्यांनी ऐकून घेतलं."

एका सासूनं पदर तोंडाला लावला. वहिनी सिस्टरकडे वळल्या. "सिस्टर, आता सांगलीला न्याल मला?"

"नेईन. आत्ताच चला," सिस्टर म्हणाल्या. छातीवरचं घड्याळ त्यांनी काढलं आणि पर्समध्ये टाकलं. "पण या दवाखान्यात मी परत पाऊल ठेवणार नाही. तुमच्या साहेबांना सांगा. नाहीतर राहू दे, ऐकू गेलं असेल."

वहिनींचा एक हात त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला. दोघी पायऱ्या उतरल्या, माणसं बाजूला होत गेली. मी औषधांच्या खोलीत गेले, खोक्यातून कॅमेरा ओढून काढला आणि पिशवीत कोंबला. बाहेर आले तेव्हा केबिनचं दार आतून लोटलेलं होतं.

मग आत घंटी वाजली. पुढच्या पेशंटला पाठवा, म्हणून.

या घंटीबरोबर हातातलं टाकून धावणारी मालनमावशी भिंतीला टेकून उभी होती. खाडे कंपाउंडर तिच्याकडे बघत होते. नंबर आलेली बाई नवऱ्याशेजारी बसलेली होती, नवऱ्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

घंटी पुन्हा वाजली, या वेळी लांबलचक. कुणी उठलं नाही.